गेम १.६.११७० झाली, एसकेएसई बंद पडलं: मागे जायचं की पुढे?

गोदाकाठ, नाशिकरोड

गेम स्कायरिम स्पेशल एडिशन, स्टीमवरची. १.६.६४० वर १८० मॉड्स (चाहत्यांनी बनवलेल्या जोडण्या) व्यवस्थित चालू होते, त्यातले डीएलएलवाले, म्हणजे गेममध्ये स्वतःचा कोड घालणारे, ४० च्या आसपास. मॅनेजर मॉड ऑर्गनायझर २. काल अपडेट आपोआप उतरली आणि गेम १.६.११७० झाली. एसकेएसई म्हणजे या डीएलएलवाल्या मॉड्सना लागणारा जोडप्रोग्राम. आता त्याचा लोडर उघडला की 'गेम एसकेएसईपेक्षा नवी आहे' अशी पेटी येते आणि विषय संपतो. स्टीममधून थेट चालवली तर मेनूपर्यंत जाते, पण स्काययूआय (मेनू बदलणारा मॉड) एरर कोड १ दाखवतं.

नेट मोबाइल हॉटस्पॉटचं, रोजचे २ जीबी. पूर्ण गेम पुन्हा उतरवणं जमणार नाही. जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल का? आणि एका क्रिएशन्स मेनूसाठी (गेममधूनच मॉड्स घ्यायची सोय) चालू गाड्याचा खुळखुळा का करतात, हेही कोणी सांगा.

तर्रीबाज, पंचवटी

जाता येतं, आणि २ जीबीत आरामात जाता येतं. गेमचे डेटा डेपो दोन, ४८९८३१ आणि ४८९८३२. ते काही जीबींचे आहेत, त्यांना हात लावू नका. ईएक्सई, म्हणजे गेम चालवणारी मुख्य फाइल, ४८९८३३ मध्ये असते आणि तो डेपो काही दहा एमबींचाच आहे. (डेपो म्हणजे एसटीचा नव्हे, फायलींचा गठ्ठा.)

स्टीमडीबी या साइटवर लॉगिन करून ४८९८३३ ची मॅनिफेस्ट यादी (डेपोच्या प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक) उघडा. १.६.११३० ही ५ डिसेंबर २०२३ ला आली, म्हणून त्या तारखेच्या लगेच आधीचा क्रमांक घ्या. तो ६४० चा. मग विंडोजच्या रनमध्ये 'स्टीम://ओपन/कन्सोल' टाका, अर्थात इंग्रजीत. कन्सोलमध्ये 'डाउनलोड_डेपो', मग ४८९८३०, ४८९८३३ आणि शेवटी तो मॅनिफेस्ट क्रमांक, मध्ये एकेक स्पेस. टक्केवारी दिसत नाही, त्यामुळे अडकलं असं समजून खिडकी बंद करू नका. पूर्ण झाल्याची ओळ येईपर्यंत थांबा. फाइल स्टीमॲप्समधल्या कंटेंट फोल्डरात सापडेल. तिथून ईएक्सई उचलून गेमच्या मूळ फोल्डरात जुनीवर टाका. ६४० ला एसकेएसई २.२.३ लागतं, ते तुमच्याकडे आहेच.

आता खरी मेख. डेटा नवा आणि ईएक्सई जुनी, असं मिश्रण होतं. नव्या डेटात '_रिसोर्सपॅक.ईएसएल' ही छोट्या प्रकारची प्लगिन फाइल आहे, त्याचं हेडर १.७१. ईएसएलमध्ये पूर्वी २०४८ नोंदी बसायच्या, १.७१ मध्ये ४०९६ बसतात, आणि जुन्या ईएक्सईला हे वाचता येत नाही. म्हणून 'बॅकपोर्टेड एक्सटेंडेड ईएसएल सपोर्ट' हे मॉड टाकायचंच. ते न टाकता 'परत गेलो तरी क्रॅश होतंय' म्हणणारे दर आठवड्याला एक तरी भेटतात.

सातपूरचा डीबगर

पद्धत बरोबर, सल्ल्याशी सहमत नाही. ६४० वरून ११७० वर पुढे जाणं मागे येण्यापेक्षा सोपं आहे.

का मोडतं ते आधी. एसकेएसईची डीएलएल ईएक्सईमधल्या ठरावीक पत्त्यावर जाऊन आपला कोड घुसवते. ईएक्सई नव्याने कंपाइल झाली की पत्ते सरकतात. सिडकोतल्या सगळ्या रो-हाउसचे नंबर रातोरात बदलले तर पोस्टमनचं जे होईल, तेच. ॲड्रेस लायब्ररी म्हणजे जुन्या ओळखक्रमांकापुढे नवा पत्ता लिहिलेली वही. ती वापरणाऱ्या डीएलएलला फक्त नवी वही हवी. नोव्हेंबर २०२१ ला १.५.९७ वरून १.६ झाली तेव्हा कंपाइलरच बदलला आणि काही फंक्शन्स दुसऱ्यांच्या पोटात गेली. तिथे घरच पाडलं होतं, वही काय करणार? त्या वेळी मॉड्स पुन्हा लिहावे लागले. ६४० ते ११७० मध्ये तसं नाही, १.६.६२९ ला बदललेली डेटारचना तुमच्या डीएलएलनी आधीच पचवलेली आहे.

म्हणून असं करा. एसकेएसई २.२.६ घ्या. लोडर आणि डीएलएल मूळ फोल्डरात, आणि झिपमधलं स्क्रिप्ट्स फोल्डर डेटामध्ये. स्क्रिप्ट्स विसरलात तर गेम चालते पण एमसीएम (मॉड्सच्या सेटिंग्जचं पान) रिकामं दिसतं, आणि लोक उगाच स्काययूआयला दोष देतात. ॲड्रेस लायब्ररीची 'ऑल इन वन' फाइल १.६ वाली घ्या. त्यात 'व्हर्जनलिब' ने सुरू होणारी १-६-११७०-० ची बिन फाइल हवी. नुसत्या 'व्हर्जन' ने सुरू होणारी १.५ ची.

मग एकदा मेनूपर्यंत चालवा आणि डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात एसकेएसईचा लॉग उघडा. नाकारलेली प्रत्येक डीएलएल नावासकट तिथे असते. लॉग स्वच्छ आणि तरीही क्रॅश, तर ४० पैकी २० बंद करा, मग १०, मग ५. सहा फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. हे करताना जुना सेव्ह उघडून वर सेव्ह करू नका, मेनूपर्यंतच जा. इंजिन फिक्सेस या मॉडचा दुसरा भाग मूळ फोल्डरात असतो, मॉड ऑर्गनायझरमधली टिक काढून तो हलत नाही.

टेक्स्चर, मेश (त्रिमितीय आकार), साध्या ईएसपी प्लगिन यांना यातलं काहीच लागत नाही. तुमच्या १८० पैकी १४० ना हातही लावू नका.

तर्रीबाज

मान्य, पण एखादी डीएलएल लेखकाने सोडून दिली असेल तर? तेव्हा मागेच जावं लागतं.

सातपूरचा डीबगर

त्या एका डीएलएलवर अख्खी यादी उभी असेल तर जा. नसेल तर ती काढा. आणि लेखकाच्या पानावर 'कधी अपडेट करणार' विचारू नका. फुकट काम करणारा माणूस आहे, आणि मोडलं त्याने नाही.

गोदाकाठ

२.२.६ आणि नवी ॲड्रेस लायब्ररी टाकली. लॉगमध्ये तीनच नावं आली. दोघांच्या नव्या फायली मिळाल्या, तिसरा होता बाण मोजणारा विजेट, तो काढला. जुना सेव्ह उघडला. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय?

सातपूरचा डीबगर

प्रॉपर्टीज, अपडेट्स, तिथे 'गेम सुरू करतानाच अपडेट करा' निवडा आणि कायम एसकेएसईच्या लोडरनेच चालवा. त्याहून पक्कं म्हणजे अख्खं गेम फोल्डर स्टीमॲप्सच्या बाहेर कॉपी करून मॉड ऑर्गनायझरला तिकडे वळवायचं. डिस्क जाते, पण हॉटस्पॉटचा एक एमबीही लागत नाही आणि स्टीम त्या प्रतीला शिवत नाही. स्टीम मागे चालू मात्र हवं. सेव्हची प्रत घेताना ईएसएस फायलीसोबत त्याच नावाची एसकेएसई फाइलही घ्या. ती राहिली तर एसकेएसईवाल्या मॉड्सनी त्यात साठवलेलं सगळं जातं.