टू-डी इकोत ‘मॉडरेट टू सिव्हियर एमआर’ (मायट्रल झडपेची मध्यम ते तीव्र गळती), पण ईएफ ६०. मग काळजी नाही ना?

शिरवळकर:
आईचं वय ६१. दम लागत नाही, घरातलं सगळं करते. डॉक्टरांना छातीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली म्हणून टू-डी इको केला. रिपोर्ट: मायट्रल व्हॉल्व्हच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) मागच्या पाकळीचा प्रोलॅप्स (पाकळी वरच्या कप्प्यात फुगणं), मॉडरेट टू सिव्हियर एमआर, जेट एक्सेंट्रिक (गळतीची धार तिरकी), एलए (डावी कर्णिका, म्हणजे वरचा कप्पा) ४४ मिमी, एलव्हीआयडीडी (डावी जवनिका, म्हणजे खालचा कप्पा, भरलेली असतानाची रुंदी) ५५, एलव्हीआयडीएस (तीच आकुंचन पावल्यावर) ३६, ईएफ ६० टक्के, आरव्हीएसपी (उजव्या जवनिकेतला दाब) ३८. खाली शेरा ‘गुड एलव्ही फंक्शन’ (डाव्या जवनिकेचं काम चांगलं). त्या वेळी बीपी १७०/९६ होतं. सहा महिन्यांनी परत इको करा म्हणालेत. ईएफ चांगला असताना एवढी घाई कशाला?

इकोरूम:
उलट सहा महिने थांबणं मला जास्त वाटतं. ईएफ म्हणजे डावी जवनिका प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकते ते. पण मायट्रल गळत असेल तर ‘बाहेर’ म्हणजे दोन वाटा: एक महाधमनीत, दुसरी मागे डाव्या कर्णिकेत. कर्णिकेत दाब कमी, त्यामुळे जवनिकेला रिकामं होणं सोपं जातं आणि आकडा फुगतो. स्नायू थकायला लागला तरी ईएफ ६० दिसू शकतो. म्हणून एमआर सिव्हियर असेल आणि दोष झडपेतच असेल, तर ईएफ ६० किंवा त्याखाली येणं, नाहीतर एलव्हीआयडीएस ४० मिमी होणं, यांपैकी एक जरी झालं तरी दम लागत नसतानाही ऑपरेशनचा विचार करतात. आईचा ईएफ नेमका त्या रेषेवर आहे.

मात्र हा ६० नुसत्या नजरेने लिहिलाय की सिम्पसन पद्धतीने (जवनिकेची कड आखून) मोजलाय, ते विचारा. नजरेच्या अंदाजात पाच-सात टक्के इकडेतिकडे सहज होतात.

जेट_आणि_झडप:
ईएफच्या आधी गळती खरंच किती, ते ठरवायला हवं. ‘मॉडरेट टू सिव्हियर’ या शब्दांवर काही ठरत नाही. पुढच्या रिपोर्टमध्ये तीन आकडे मागा. व्हेना कॉन्ट्रॅक्टा, म्हणजे गळतीच्या धारेची सगळ्यात अरुंद जागा: ३ मिमीच्या आत माइल्ड, ७ किंवा जास्त सिव्हियर. ईआरओए, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ: ०.४० चौ. सेंमी किंवा जास्त असेल तर सिव्हियर. रिगर्जिटंट व्हॉल्यूम: ठोक्याला ६० मिली किंवा जास्त मागे जात असेल तर सिव्हियर.

आईच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी एकमेकींच्या उलट ओढतायत. बीपी १७० असताना जवनिकेला महाधमनीत रक्त ढकलणं जड जातं, ते मागे जास्त जातं आणि गळती मोठी दिसते. दुसरीकडे एक्सेंट्रिक जेट कर्णिकेच्या भिंतीला चिकटून जातो, त्यामुळे स्क्रीनवर रंगाचा पट्टा बारीक दिसतो आणि गळती कमी वाटते. मशीनवर रंगाची स्केल (रक्ताच्या वेगाची मर्यादा) सेकंदाला ५० ते ७० सेंमीच्या दरम्यान ठेवतात. ती ३० वर आणली तर तीच गळती बरीच मोठी वाटेल! म्हणून रंगाचा फोटो बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

माझं मत: हा रिपोर्ट आत्ताच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. बीपी आटोक्यात आणून लवकरच परत इको करायचा का, ते त्यांना विचारा. तरी चित्र स्पष्ट झालं नाही तर ते टीईई हा वेगळा इको सांगतील. त्यात प्रोब अन्ननलिकेतून उतरवतात, त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं. कुठली पाकळी, तिचा कुठला भाग, पाकळीला धरून ठेवणारा तंतू तुटलाय का, हे त्यात नीट दिसतं. मागच्या पाकळीचा प्रोलॅप्स बहुतेक वेळा दुरुस्त होतो, झडप बदलावी लागत नाही. पण त्यासाठी वेळेत जायला हवं.

इकोरूम:
साधारण अंतर असं: माइल्डला ३ ते ५ वर्षं, मॉडरेटला १ ते २ वर्षं, सिव्हियरला ६ ते १२ महिने. इको शक्यतो त्याच सेंटरमध्ये करा, जुना रिपोर्ट आणि सीडी सोबत न्या आणि त्या वेळचं बीपी रिपोर्टवर लिहून घ्या. वहीत तारीख, बीपी, एलव्हीआयडीएस, ईएफ, एलए, आरव्हीएसपी असे रकाने करा. ३६ चे ३७ झाले तर तो मोजण्यातला फरक असू शकतो. ३६, ३८, ४० अशी चढण दिसली तर ती खरी.

आणि ‘दम लागत नाही’ हे तपासून बघा. माणसं नकळत चालणं कमी करतात, जिना टाळतात. दोन मजले न थांबता चढता येतात का? रात्री उशी वाढवावी लागते का? नाडी अनियमित लागली तर लगेच ईसीजी काढा. आडवं पडल्यावर एकदम धाप लागली तर थेट इमर्जन्सीत न्या.

शिरवळकर:
धन्यवाद, उद्याच अपॉइंटमेंट घेतो. दाढ काढायची आहे, आधी अँटिबायोटिक लागेल का? शेजारच्या काकू झडपेसाठी दर २१ दिवसांनी पेनिसिलिन घेतात, आईलाही ते लागेल का?

जेट_आणि_झडप:
नुसत्या प्रोलॅप्सला सहसा अँटिबायोटिक लागत नाही. कृत्रिम झडप असेल किंवा आधी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग) झाला असेल तर लागतं. तरी डेंटिस्टला झडपेचं सांगा आणि हिरड्या चांगल्या ठेवा, कारण जंतू तिथूनच रक्तात शिरतात. दर २१ दिवसांचं पेनिसिलिन संधिवाताच्या तापाने झडप बिघडली असेल तर देतात, ताप पुन्हा उलटू नये म्हणून. आईचा रिपोर्ट प्रोलॅप्सचा आहे, तिला ते नको.