मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात रीमॅप केलेल्या टर्बो गाडीचा पिकअप जातो, इंधन किती वाढवावे?

वर्धारोड (धागाकर्ता)

नमस्कार. जानेवारीत पुण्यात गाडीचा स्टेज वन रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातल्या प्रोग्राममध्ये बदल) करून घेतला आणि त्यानंतर तीन महिने गाडी मनासारखी पळाली. मे उजाडल्यापासून मात्र दुपारी वर्धा रोडवर तिचा पिकअप निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. सिग्नलवरून निघताना ती दोन-तीन सेकंद अडखळते आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ३,००० आरपीएमच्या आसपास बारीक टिकटिक ऐकू येते. रात्री अकरानंतर हाच त्रास बराच कमी होतो. रीमॅप करणाऱ्यांना फोन केला, तर ‘उन्हाळ्यात असेच होते’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. उष्णतेमुळे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होत आहे हे उघड आहे. इथे ओळखीच्या एका ट्यूनरकडे सॉफ्टवेअर आहे. त्याला इंधन किती टक्के वाढवायला सांगू, एवढाच आकडा हवा आहे. शनिवारी कुटुंबासह पचमढीला निघायचे असल्यामुळे कृपया लवकर सांगावे.

सहावा_गिअर

आकडा देण्यापूर्वी इंजिन कोणते, पेट्रोल कोणते भरता आणि मिश्रण लीन आहे हे कशावरून ठरवले, हे कळायला हवे. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) लावून काही नोंदी घेतल्या आहेत का? टिकटिक हे नॉकिंग (सिलिंडरमधले मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) असेल तर ते मिश्रणामुळेच होते असे नाही.

जुने_कार्बोरेटर

उष्णतेने मिश्रण लीन होते हा समजच मुळात उलटा आहे. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिचे कार्बोरेटर मी स्वतः खोलतो. हवा तापून विरळ झाली तरी जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून उन्हाळ्यात मिश्रण थोडे रिचच (पेट्रोल जास्त) होते. भर दुपारी जुनी गाडी बंद पडते त्याचे कारण वेगळे आहे: इंजिनाला लागून असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोल ओढेनासा होतो. पंपावर ओले फडके ठेवले की दहा मिनिटांत गाडी सुरू होते. धागाकर्त्यांनी एक आकड्याने लहान जेट लावून पाहावा.

लॅम्ब्डा_एक

कार्बोरेटरबद्दल वरचे म्हणणे बरोबर आहे, परंतु रीमॅप होणाऱ्या गाडीत जेट नसतो. २० अंशांची हवा ४४ अंशांपर्यंत तापली की, दाब तोच धरल्यास, तिची घनता सुमारे साडेसात टक्क्यांनी उतरते. इसीयू (इंजिनाचा संगणक) मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजून तेवढे इंधन आपणहून कमी करतो आणि उरलेला फरक ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने सुधारतो. त्यामुळे सेन्सर नीट असतील तर केवळ उन्हामुळे मिश्रण फारसे बिघडत नाही; बिघडते ते इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. ठिणगीनंतर ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच उरलेले गरम मिश्रण आपोआप पेटू लागते, नॉक सेन्सरला ते कळते आणि इसीयू ठिणगी उशिरा देतो. तुम्हाला जाणवणारी मंदी बहुधा तिथून आली आहे.

वर्धारोड

मी साधा आकडा विचारला होता. असो. इंजिन १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल आहे, डायरेक्ट इंजेक्शनचे. साधे पंपावरचे पेट्रोल भरतो. काल दुपारी स्कॅनर लावला: लाँग टर्म ट्रिम (इसीयूने इंधनात कायम धरलेली दुरुस्ती) अधिक ६ टक्के, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर आत येणाऱ्या हवेचे तापमान ८३ अंश, आणि टायमिंग तिसऱ्या सिलिंडरवर ६ अंश मागे. ट्रिम अधिक ६ म्हणजे इसीयू स्वतःच इंधन वाढवत आहे. मग मिश्रण लीन नाही तर काय?

थंड_हवा

यावर वॉटर-मेथॅनॉल इंजेक्शन (आत येणाऱ्या हवेत पाणी व मेथॅनॉलचा फवारा) हा एकच पक्का उपाय आहे. मी गेली चार वर्षे ते वापरत आहे आणि नांदेडच्या मे महिन्यातही माझ्या गाडीचे टायमिंग मागे येत नाही. पाण्याची वाफ होताना ती इतकी उष्णता ओढून घेते, की मोठा इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावण्याची गरज राहत नाही. शिवाय इंधन थोडे वाढवले तरी बिघडत नाही; जास्तीचे पेट्रोल सिलिंडर थंडच ठेवते.

लॅम्ब्डा_एक

जास्तीचे पेट्रोल थंडावा देते हे काही मर्यादेपर्यंत खरे आहे, आणि म्हणूनच अनेक टर्बो पेट्रोल इंजिने पूर्ण भाराखाली लॅम्ब्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचे माप; १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८५ च्या आसपास चालवतात. त्याच्या बरेच खाली गेल्यावर ताकद उतरते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल पेट्रोलने धुतले जाते. वॉटर-मेथॅनॉलला माझा विरोध नाही, परंतु त्याची टाकी घाटात रिकामी झाली आणि मॅप तिच्या भरवशावर आक्रमक केलेला असला, तर पिस्टन जाऊ शकतो. शनिवारी प्रवासाला निघणाऱ्याला हा सल्ला देऊ नये.

धागाकर्ते, एकच विचारतो: रात्री ट्रिम किती असते?

थंड_हवा

टाकी रिकामी झाल्यास बूस्ट (टर्बोचा हवेवरचा दाब) कमी करणारी सोय माझ्या किटमध्ये आहे. न वापरता भीती घालणे योग्य नाही.

शर्यतप्रेमी

थंड इंधनाचे महत्त्व किती असते, हे २००७ च्या ब्राझील ग्रां प्रीच्या निकालावरून दिसते. फॉर्म्युला वनच्या नियमानुसार इंधन बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहून अधिक थंड ठेवता येत नसे, आणि त्या शर्यतीनंतर बीएमडब्ल्यू व विल्यम्सच्या गाड्यांची याच मुद्द्यावर चौकशी झाली. त्या गाड्या बाद झाल्या असत्या तर हॅमिल्टन त्याच वर्षी विश्वविजेता ठरला असता. मोजमापाबद्दल शंका राहिल्यामुळे शिक्षा झाली नाही.

सहावा_गिअर

माहिती चांगली आहे, परंतु धागाकर्त्यांचा प्रश्न ८३ अंशांचा आहे. बाहेर ४४ अंश असताना मूळ रचनेत हा आकडा पूर्ण भारावर साधारण सत्तरीत यायला हवा. एअर फिल्टर मूळचाच आहे ना?

वर्धारोड

रात्रीही ट्रिम अधिक ६ च आहे. फिल्टर मूळचा नाही; उघडा, शंकूच्या आकाराचा ‘कोन’ फिल्टर आहे, स्टेज वनबरोबर बसवतात तोच. ते वेगळे सांगायची गरज वाटली नाही.

लॅम्ब्डा_एक

या दोन गोष्टी पहिल्या दिवशी कळल्या असत्या तर बरे झाले असते. ट्रिम दिवसा आणि रात्री सारखाच असेल, तर त्याचा उन्हाशी संबंध नाही. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, १० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १४.१ आणि पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५. कमी इथेनॉल गृहीत धरून केलेली रीमॅपची फाइल गाडीत असेल, तर इसीयूला बारा महिने चार-पाच टक्के इंधन वाढवावेच लागेल. ते तो वाढवत आहे. वरून तुम्ही आणखी वाढवायला सांगू नका.

खरे दुखणे फिल्टरचे आहे. उघडा कोन बोनेटखालची सत्तर अंशांची हवा ओढतो. तीच हवा टर्बोमध्ये दाबली की दीडशेच्या बरीच पुढे तापते, आणि इंटरकूलरला बाहेरच्या ४४ अंशांच्या हवेने जेवढी थंड करता येईल तेवढीच तो करतो. सिग्नलवरचे अडखळणेही यातलेच आहे: उभ्या गाडीत तापमानाचा सेन्सर स्वतःच तापतो, इसीयूला हवा आहे त्याहून गरम वाटते, तो टायमिंग मागे घेतो आणि इंधनही थोडे कमी देतो. हवा वाहू लागली की सेन्सर दोन-तीन सेकंदांत भानावर येतो. लीन मिश्रणाची तुमची शंका तेवढ्या क्षणांपुरती खरी आहे. मूळ एअरबॉक्स (बाहेरची हवा घेणारा फिल्टरचा बंद डबा) परत बसवा, आणि त्या ट्यूनरकडून इंधनाला हात न लावता बूस्ट ०.१५ बारने व टायमिंग २ अंशांनी कमी करून घ्या.

थंड_हवा

एअरबॉक्सबद्दल सहमत आहे. बूस्ट कमी करण्याऐवजी ९५ किंवा १०० ऑक्टेनचे (नॉकिंगला जास्त दाद न देणारे) पेट्रोल भरून आधी पाहावे, एवढे माझे मत कायम आहे.

जुने_कार्बोरेटर

बोनेटखालची हवा ओढू नये, हे आम्हीही पाळतो. उन्हाळ्यात पद्मिनीच्या एअर क्लीनरचे तोंड एक्झॉस्टपासून दूर फिरवून ठेवतात.

वर्धारोड

मूळ एअरबॉक्स घरी माळ्यावर होता, तो काल बसवला. आज दुपारी तीन वाजता त्याच रस्त्यावर, बाहेर ४४ अंश असताना नोंदी घेतल्या: हवेचे तापमान ७२, टायमिंग सर्व सिलिंडरांवर दीड-दोन अंश मागे, फक्त तिसरा अजून ३ अंश मागे आहे. सिग्नलवरचे अडखळणे जवळजवळ गेले आहे. बूस्ट उद्या कमी करून घेतो आणि इंधन आहे तसेच ठेवतो. रीमॅप करणाऱ्यांनी कोन बसवताना हे एका वाक्यात सांगितले असते, तर महिनाभर इंजिनाला त्रास झाला नसता, याचे वाईट वाटते. सर्वांचे आभार, आणि पहिल्या दिवशीच्या घाईबद्दल क्षमस्व.

सहावा_गिअर

तिसरा सिलिंडर एकटाच मागे राहतो, हे मला पटत नाही. स्पार्क प्लग कधी बदलले आहेत, आणि त्यांचा गॅप (ठिणगी पडते ती फट) किती आहे?

वर्धारोड

प्लग रीमॅपच्या वेळी बदलले नाहीत. ३२,००० किलोमीटर झाले आहेत. उद्या सकाळी इंजिन थंड असताना काढून गॅप मोजतो आणि फोटो टाकतो. शनिवारी पहाटे चारला निघायचे ठरवले आहे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी घाट संपेल.