सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझ : बंदरात उतरल्यावर वेळ कसा लावायचा?

मीनल_नाशिक:
नमस्कार मंडळी, मेच्या सुट्टीत सिंगापूरहून क्रूझ बुक केलीये, आमची सगळ्यांचीच पहिली. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ७१, तब्येत ठणठणीत आहे पण गुडघे त्रास देतात, सपाटीवर हळूहळू चालतील पण जिने नकोच म्हणतात. वेळापत्रकात पेनांग दुपारी २ ते रात्री १० आणि दुसऱ्या दिवशी फुकेत सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असं दिलंय. नवऱ्याने व्हिडिओ बघून बघून भलीमोठी यादी केलीये, पेनांगला पेनांग हिल, केक लोक सी मंदिर, स्ट्रीट आर्ट, लिटल इंडिया आणि फुकेतला फी फी बेटं नाहीतर जेम्स बाँड आयलंड. मला वाचूनच दमायला होतंय. जहाजाच्या टूर चौघांच्या मिळून बऱ्याच महाग पडतायत, म्हणून विचारतेय की आपलं आपण फिरणं जमतं का, परत किती वाजता यायचं, सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत त्यांच्या खाण्याचं काय, आणि जहाज चुकलं तर नक्की काय होतं? ही शेवटची भीती काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

दर्यावर्दी:
मीनलताई, यादी तूर्तास बाजूला ठेवा आणि आधी वेळेचा हिशोब मांडा, तोही शेवटाकडून. वेळापत्रकातलं ९ ते ६ म्हणजे जहाज कधी येणार आणि कधी सुटणार एवढंच. सगळे प्रवासी आत असायला हवेत ती वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती जहाजातून उतरताना दारापाशी बोर्डावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढूनच बाहेर पडा.

आता फुकेत घ्या. तिथे बरीच मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, पाटाँगच्या किनाऱ्यासमोर समुद्रात नांगर टाकतात आणि लहान बोटींनी म्हणजे टेंडरने किनाऱ्यावर नेतात. त्यासाठी नंबर घ्यावा लागतो आणि जहाजाची टूर घेतलेल्यांना आधी सोडतात. म्हणजे ९ ला पोचलं तरी तुमचे पाय जमिनीला लागेपर्यंत साडेदहा धरा. सगळ्यांनी ५ पर्यंत आत यायचं असेल तर शेवटचा टेंडर साडेचारच्या आसपास, आणि शेवटच्याच्या भरवशावर राहायचं नाही कारण तिथे उन्हात मोठी रांग लागते, तेव्हा साडेतीनला किनाऱ्यावर हजर. राहिले किती, पाच तास. नऊ तासांचे पाच झाले आणि अजून तुम्ही टॅक्सीतही बसला नाहीत.

यात अजून एक गोम आहे. थायलंडचं घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे. काही जहाजं फुकेतला घड्याळ बदलतात, काही सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतात, पण तुमचा मोबाईल थायलंडचं नेटवर्क पकडलं की आपोआप एक तास मागे जातो. जहाजाचे साडेचार वाजलेले असतात आणि हातातला फोन साडेतीन दाखवतो. म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर साधं घड्याळ बांधा, जहाजाच्या वेळेला लावलेलं, मुलाच्यासुद्धा. रोज रात्री केबिनमध्ये किंवा ॲपवर दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं त्यात घड्याळ बदलायचं की नाही ते असतं.

जहाज चुकलं तर ते थांबत नाही. तिथून पुढचं बंदर नाहीतर सिंगापूर गाठायचं ते आपल्या खर्चाने. जहाजाचीच टूर घेतली असेल आणि तिला उशीर झाला तर थांबतात किंवा तुम्हाला पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची. तुमच्या त्या ज्यादा पैशात हा भरवसाही आला. पत्रकावर क्रूझ कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, तोही फोटोत येऊ द्या.

क्वालालंपूरकर:
दर्यावर्दींनी फुकेतचं छान सांगितलंय, मी पेनांगचं सांगतो. पेनांग हे पहिल्यांदा क्रूझला येणाऱ्यांसाठी फार सोयीचं बंदर आहे कारण जहाज स्वेटनहॅम पिअर या धक्क्याला लागतं आणि ते जॉर्ज टाऊन गावातच आहे. बाहेर पडलात की समोर व्हिक्टोरिया राणीचा पांढरा क्लॉक टॉवर, तिच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून ६० फूट उंच बांधलाय, वर्षाला एक फूट, मुलाला मोजायला सांगा. आणि नीट बघितलंत तर तो किंचित कललेलाही दिसेल, दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबिंगमुळे. त्याच्या शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस, १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट जिथे उतरला ती जागा. हे सगळं सपाट आहे, सासूबाईंना काही त्रास नाही.

माझं मत विचाराल तर हिल आणि केक लोक सी यातलं एक सोडा, मी तर तुमच्या बाबतीत केक लोक सी सोडा म्हणेन, तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत आणि मंदिर संध्याकाळी लवकर बंद होतं. २ वाजता जहाज लागलं तर इमिग्रेशन वगैरे होऊन तीन-सवातीनला बाहेर पडाल. मेमध्ये ऊन आणि घाम दोन्ही भरपूर, शिवाय दुपारी पावसाची मोठी सर येऊ शकते, तर तेव्हा उगाच गल्ल्यांमधून फिरू नका. सरळ ग्रॅब (तिकडचं ओला-उबरसारखं टॅक्सीचं ॲप) बुक करा आणि पेनांग हिलच्या पायथ्याशी एअर इतामला जा. अंतर सात-आठ किलोमीटरच आहे पण ट्रॅफिक असतो, अर्धा तास धरा. वर फ्युनिक्युलर म्हणजे डोंगरावर केबलने ओढली जाणारी ट्रेन जाते, वर हवा चांगलीच गार असते आणि अख्खं जॉर्ज टाऊन, समुद्र, पूल सगळं खाली दिसतं, तुमचं जहाजही दिसेल. शनिवार-रविवार असेल तर रांग मोठी असते, फास्ट लेनचं तिकीट मिळतं, सासूबाई आहेत तर ते जरूर घ्या. मात्र पायथ्याला पोचल्यावर रांग हाताबाहेर दिसली तर हट्ट न करता गावात परत या.

सहा-साडेसहाला खाली येऊन लिटल इंडिया. महामरिअम्मन देऊळ १८३३ चं आहे, त्याच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर तमिळ खानावळी आहेत, केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन-तीन भाज्या, पापड. शाकाहारी माणूस तिथे पोटभर जेवतो. चायनीज स्टॉलवरच्या नूडल्सपासून सासूबाईंना लांब ठेवा, ‘चार क्वे तियाव’ नावाच्या परतलेल्या नूडल्समध्ये कोळंबी तर असतेच, वर बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी वापरतात, नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. पण चेंडोल नक्की खा, किसलेल्या बर्फावर नारळाचं दूध, ताडाच्या गुळाचा काळसर पाक, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया आणि राजमा. आपल्या फालुद्याचा चुलतभाऊच.

तिथून आर्मेनियन स्ट्रीटला सायकलवरच्या दोन मुलांचं ते प्रसिद्ध चित्र आहे, २०१२ चं, खरी सायकल भिंतीला लावलीये. चालायचं नसेल तर फुलांनी सजवलेल्या सायकलरिक्षा मिळतात, बसायच्या आधी भाव ठरवा. तिथून पिअर जवळच आहे, साडेआठ-पावणेनऊला आरामात आत.

सागरिका:
फुकेतबद्दल मला एक आवर्जून सांगायचंय. मे म्हणजे तिकडे नैर्ऋत्य मान्सून सुरू व्हायचे दिवस आणि पाटाँग पश्चिमेला तोंड करून आहे, सगळ्या लाटा सरळ अंगावर येतात. समुद्र खवळलेला असेल तर कॅप्टन टेंडर बंद ठेवतो आणि फुकेत रद्दही होऊ शकतं. म्हणून बाहेरच्या टूरचे पैसे आधीच भरून मोकळे होऊ नका, बंदर रद्द झालं तर जहाजाच्या टूरचे पैसे परत मिळतात, बाहेरचे परत करतीलच असं नाही. आणि किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर मुलाला पाण्यात अजिबात सोडू नका, घोटाभर पाण्यातसुद्धा नाही, मेमध्ये तिथे ओढ फार असते.

फी फी विसरा. बोटीने जायलाच दीड-दोन तास, आणि बोटी सुटतात त्या फुकेत बेटाच्या पलीकडच्या, पाटाँगच्या विरुद्ध बाजूने. जेम्स बाँड आयलंडचंही तसंच, तासा-दीड तासाचा रस्ता आणि पुढे परत बोट. पाच तासांत नाही बसत. सासूबाई असताना सरळ ओल्ड फुकेत टाऊन करा, पाटाँगहून साधारण पंधरा किलोमीटर, मधे डोंगर आहे म्हणून पाऊण तास धरा. थलांग रोडवर कथलाच्या खाणींच्या काळातली रंगीत चिनी-पोर्तुगीज घरं आहेत, खाली दुकानं, ओळीने कमानी, त्यांच्या सावलीतून चालायचं. वेळ उरला तर येताना वाट चालाँग देऊळ, तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शाकाहारी जेवणासाठी पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेली दुकानं शोधा, तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो.

आणि टेंडरमध्ये चढताना जहाज आणि बोट दोन्ही हलत असतात, क्रूचे लोक दोन्ही हात धरून घेतात पण पाऊल तर टाकावंच लागतं. सासूबाईंना ते आधीच सांगा, त्या दिवशी तिथे जाऊन कळायला नको. नको म्हणाल्या तर जहाजावर त्यांच्यासोबत एकाने थांबायचं, त्यातही वाईट काही नाही, सगळे उतरल्यावर जहाज रिकामं आणि शांत असतं.

लंडनचा_पुणेकर:
इथे युरोपचंही कोणी शोधत येईल म्हणून लिहितो, हाच हिशोब तिकडे जास्तच लागू पडतो. ‘रोम’ लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिवितावेक्यियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. बंदराच्या शटलने गेटपर्यंत, तिथून स्टेशन, मग तासभर ट्रेन. व्हॅटिकन बघायचं असेल तर टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत न जाता सान पिएत्रो स्टेशनला उतरा. उलट नेपल्सला जहाज गावाच्या मधोमध लागतं. म्हणून बुकिंग करताना शहराच्या नावावर न जाता धक्का कुठे आहे ते नकाशावर बघा.

मीनल_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला धागा वाचायला दिला आणि फी फी त्याने स्वतःच खोडलं :) फुकेतला जहाजाची ओल्ड टाऊनची टूर आहे, ती घेऊ असं वाटतंय, टेंडरमध्ये आधी नंबर लागतो हे कळल्यावर. कागदपत्रांचं काही वेगळं लागतं का?

दर्यावर्दी:
टूर घेताय ते उत्तमच. कागदपत्रांत सगळ्यात आधी सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते बघा, कारण क्रूझ संपल्यावर तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करता. मलेशिया आणि थायलंडचे नियम बदलत असतात, ऑनलाइन अरायव्हल कार्ड कुठली भरायची ते क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, बुकिंग एजंटच्या तोंडी सांगण्यावर नको. पासपोर्ट काही जहाजं स्वतःकडे ठेवतात, तेव्हा त्याची झेरॉक्स आणि जहाजाचं कार्ड जवळ हवं. केबिनमधली फळं खाली नेऊ नका. आणि जहाज सुटलं की फोन लगेच एअरप्लेन मोडवर, समुद्रातलं नेटवर्क साध्या रोमिंग पॅकमध्ये येत नाही आणि बिल भयंकर येतं.

क्वालालंपूरकर:
त्यात एक जोडतो, ग्रॅब ॲप भारतातूनच डाउनलोड करून कार्ड जोडून ठेवा, ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. सिंगापूर, पेनांग, फुकेत तिन्हीकडे तेच चालतं. थोडे रिंगिट रोख ठेवा, सायकलरिक्षावाल्याला आणि चेंडोलला लागतील.