मदत हवी आहे : चारचौघांत बोलण्याच्या सरावासाठी (फोंडा)

नमस्कार मंडळी. कामावर किंवा सभेत बोलायची वेळ आली की गप्प बसणाऱ्या सहा जणांसाठी चार आठवड्यांचा सराव आखला आहे. पहिल्या आठवड्यात फोंड्याच्या बाजारात रोज तीन दुकानांत भाव विचारायचा आणि काही न घेता बाहेर पडायचं. हे दिसतं सोपं, पण सगळ्यात जड जातं. दुसऱ्या आठवड्यात तिघांसमोर दोन मिनिटं, मग दहा जणांसमोर पाच.

एकदम मोठ्या सभेत उभं केलं की माणूस अर्ध्यावर खाली बसतो. पळाल्यावर लगेच बरं वाटतं आणि पळणं हाच उपाय असं मनात बसतं, म्हणून पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. धडधड ओसरेपर्यंत तिथंच थांबणं महत्त्वाचं. हातात पूर्ण भाषणाचा कागद नको. तो थरथरतो आणि नजर त्यातच अडकते. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर चार शब्द पुरेत.

अडलंय ते चौथ्या आठवड्यात : अनपेक्षित प्रश्नांचा सराव. ओळखीचे लोक फार सांभाळून विचारतात. फोंडा, म्हार्दोळ भागातून अनोळखी श्रोते म्हणून रविवारी तासभर कोण येईल? आणि आडवा प्रश्न आल्यावर उत्तराआधी किती थांबायला शिकवता?