शब्दचर्चा : गाडीच्या विम्यातला 'घसारा' एक की दोन?

तिठा : मोटार विम्याच्या पॉलिसीचा सोप्या मराठीत गोषवारा करायचा आहे. 'ओन डॅमेज', म्हणजे अपघात, चोरी, आग, पूर यांत आपल्याच गाडीचं होणारं नुकसान, एवढाच भाग घेतला आहे. 'डेप्रिसिएशन'साठी 'घसारा' आणि 'डिडक्टिबल'साठी 'वजावट' वापरलं, पण वाचणारे दोन्ही एकच समजतात. शब्द बदलावेत का?

आडवाट : शब्द बरोबर आहेत. गोंधळाचं मूळ असं, की घसारा दोन ठिकाणी लागतो आणि दोन्हींचे तक्ते वेगळे आहेत.

पहिला घसारा अख्ख्या गाडीवर. त्यातून आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती ठरवलेली गाडीची किंमत, निघते. नव्या गाडीच्या यादीतल्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के वजा होतात. त्यापुढची किंमत मालक आणि कंपनी आपसांत ठरवतात. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर हीच रक्कम धरतात. पॉलिसीच्या त्या वर्षात तिच्यावर आणखी घसारा लागत नाही.

दुसरा घसारा सुट्या भागांवर, दुरुस्तीच्या बिलात. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के, फायबरग्लासवर ३०, काचेवर शून्य. पत्र्याचे आणि इतर भाग वयाप्रमाणे : सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग रंगाचा माल धरतात आणि फक्त त्या मालावर ५० टक्के कापतात.

वजावट, म्हणजे क्लेममधली मालकानं स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, सगळ्यात शेवटी. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाच्या कारला २,०००. गॅरेजात हिलाच 'फाइल चार्ज' म्हणतात, त्यामुळे लोकांना ती गॅरेजवाल्याची फी वाटते. ती पॉलिसीतच लिहिलेली असते आणि प्रत्येक क्लेमला नव्यानं कापतात.

शेवरी : मग 'गाडीचा घसारा' आणि 'भागांचा घसारा' असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहा. 'घसारा' सोडू नका. घासणे, घसणे, झिजणे हा अर्थ त्या शब्दातच आहे, तो समजावून सांगावा लागत नाही. 'अवमूल्यन' ऐकलं की रुपयाची घसरण आठवते. 'वजावट'पुढे मात्र 'सक्तीची' हा शब्द हवाच, कारण हप्ता कमी व्हावा म्हणून आपण होऊन घेतलेली ऐच्छिक वजावटही असते, आणि ती सक्तीच्या वजावटीवर अधिक असते. एखादं बिल मांडून दाखवलंत तर बरं.

आडवाट : १२०० सीसीची, साडेतीन वर्षांची कार घ्या. समोरून ठोकली आहे. रकमा करासकट, हिशेबासाठी धरलेल्या :

बंपर (प्लास्टिक) ८,००० – घसारा ४,०००
बॉनेट (पत्रा) १२,००० – घसारा ३,०००
पुढची काच ६,००० – शून्य
रंगकाम ८,००० – घसारा १,०००
मजुरी ६,००० – शून्य

बिल ४०,०००, घसारा ८,०००, सक्तीची वजावट १,०००. कंपनी देणार ३१,०००, मालकाच्या खिशातून ९,०००. 'झिरो डेप', म्हणजे भागांचा घसारा न कापण्याचं जादा कव्हर, असतं तर ते ८,००० वाचले असते. हजार तरीही भरावे लागले असते.

तिठा : म्हणजे 'झिरो डेप' घेतलं की चोरीच्या वेळी शोरूमची किंमत मिळते, हा समज चुकीचा?

आडवाट : साफ चुकीचा, आणि लोकांचं सर्वांत जास्त नुकसान यातच होतं. झिरो डेप फक्त भागांचा घसारा पुसतं. गाडीचा घसारा तसाच राहतो. चोरीत बीजकाची किंमत हवी असेल तर 'रिटर्न टू इन्व्हॉइस' हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि ते जुन्या गाड्यांना मिळत नाही. तुमच्या गोषवाऱ्यात हे ठळक अक्षरांत टाका.

शेवरी : 'फर्स्ट पार्टी' गाळा. करारात पहिला पक्ष म्हणजे विमा घेणारा, दुसरा कंपनी आणि तिसरा म्हणजे ज्याला आपल्या गाडीनं इजा झाली तो. 'थर्ड पार्टी'ला जोड म्हणून बोलीत 'फर्स्ट पार्टी' आलं, पण पॉलिसीच्या कागदावर हे नाव सापडणार नाही. 'स्वतःच्या गाडीचं नुकसान' असं लिहा. लांब आहे, पण अचूक आहे. 'फुल इन्शुरन्स'ही नको. त्या 'फुल'मध्ये भागांचा घसारा बसत नाही, नुसता फुटलेला टायर बसत नाही, यांत्रिक बिघाडही बसत नाही.

आडवाट : पुराचं उदाहरण जरूर द्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या. पूर ओन डॅमेजमध्ये येतो, त्यामुळे सीट, वायरिंग, साफसफाई यांचा क्लेम होतो. पण बुडालेल्या गाडीला चावी मारली की सिलिंडरमध्ये पाणी ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी याला 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' म्हणते आणि इंजिनचं वेगळं कव्हर नसेल तर नाकारते. मराठीत 'परिणामी नुकसान'. पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारायचा नाही, बॅटरीची तार काढायची, फोटो घ्यायचे, कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करून न्यायची.

तिठा : शेवटचा शब्द, 'टोटल लॉस'. 'गाडी भंगारात गेली' चालेल?

आडवाट : नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस. आयडीव्ही ४,८०,००० असेल तर ही रेघ ३,६०,००० वर पडते. गाडी रस्त्यावर येण्याजोगी असली तरी हिशेबात ती संपलेली असते.

शेवरी : मग 'पूर्ण नुकसान', आणि 'सॅल्व्हेज'ला 'अवशेष'. भंगार म्हटलं की किलोवर विकायचा माल डोळ्यांसमोर येतो.

आडवाट : 'अवशेष' चांगला शब्द आहे, कारण त्याची किंमत हिशेबात येते. अवशेष मालकाकडेच ठेवायचे ठरले आणि त्यांची बोली ९०,००० आली, तर कंपनी ४,८०,००० मधून ९०,००० आणि सक्तीची वजावट १,००० कापून ३,८९,००० देते. उरलेले ९०,००० मालकाला अवशेष विकत घेणाऱ्याकडून यायचे. ती गाडी दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. आरसीवर नाव तुमचंच राहिलं तर पुढच्या अपघाताची भरपाई तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं आहे. त्यामुळे चावी देण्याआधी आरसी रद्द करायची किंवा नाव बदलण्याचे अर्ज सह्या करून आरटीओत दाखल करायचे, आणि पोच स्वतःकडे ठेवायची.