मदत हवी आहे: अँबॅसेडरच्या मागच्या चाकाच्या बेअरिंगला ग्रीस की ऑइल?

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ ची अँबॅसेडर आहे, मला ती नीट चालती ठेवायचीय. गेल्या आठवड्यात डावीकडच्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला काळा ओघळ दिसला. ड्रम उघडला तर दोन्ही ब्रेक शू ऑइलने चिंब, लायनरला (शूवरच्या घर्षणाच्या अस्तराला) बोट लावलं की गिअर ऑइलचा तो उग्र वास.

मेस्त्री म्हणतात, हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) ग्रीसने गच्च भरू आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेलं बेअरिंग टाकू, म्हणजे कटकट मिटेल. मला हे पटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ही मूळ मॉरिस ऑक्सफर्डची, म्हणजे ज्या ब्रिटिश गाडीवरून अँबॅसेडर बनली तिची रचना आहे. डिफरन्शियलमधलं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीतलं) ९० नंबरचं गिअर ऑइल अॅक्सलच्या हाऊसिंगमधून वाहत बेअरिंगपर्यंत पोचतं आणि तेच त्याचं वंगण. हबमधलं ऑइल सील ते ड्रमकडे जाऊ देत नाही. बंद बेअरिंग टाकलं तर त्याला ऑइल मिळणारच नाही, आतल्या मूठभर ग्रीसवरच चालावं लागेल.

ऑइलची पातळी फिलर प्लगच्या तोंडाशी, म्हणजे बरोबर आहे. ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारं छिद्र) मात्र चिखलाने पूर्ण बुजला होता, तो साफ केला. आत दाब साचूनच सील गळलं असेल का? की सील बसतं ती जागाच झिजली असेल? नवं बेअरिंग बसवताना सुरुवातीपुरतं थोडं ग्रीस लावावं की नुसतं ऑइल? आणि भिजलेले लायनर धुऊन चालतील का? मला तरी नवेच टाकावेसे वाटतात, ब्रेकशी खेळ नको. ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा, गाडी तोवर जॅकवरच आहे.