मदत हवी आहे : ऑक्सिजन सिलिंडरमध्ये गॅस किती किलो? चार वेळा केलं, चार उत्तरं आली

फर्स्टपीयूवाला
नमस्कार. गाव खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात फर्स्ट पीयू (अकरावी) सायन्स. रविवारी उद्यमबागेत मामाच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर जातो. मामा म्हणाला, "सायन्स घेतलायस न्हवं? मग सांग बघू, ह्या सिलिंडरात गॅस किती किलो?"

काळा उंच सिलिंडर. खांद्यावर ठोकलंय ४६.७ लिटर. गेजचा (दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा १५० वर, खाली बारीक अक्षरात किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तापमान २७ धरलं. पत्र्याखाली त्याहून जास्त असणार, पण गणिताला सोपं.

पीव्ही = एनआरटी लावलं, म्हणजे दाब गुणिले आकारमान = मोल (गॅसचं प्रमाण) गुणिले आर हा ठराविक आकडा गुणिले तापमान. आर ८.३१४ आणि टी २७ घेतला तर १ किलो. टी केल्विनमध्ये ३०० केला तर ९० ग्रॅम. आर ०.०८२१ आणि टी २७ घेतला तर १०१ किलो, म्हणजे सिलिंडरपेक्षा आतला गॅस जड! आर ०.०८२१ आणि टी ३०० घेतला तर ९.१ किलो. मी पहिलंच उत्तर मामाला सांगून बसलो. तो अजून हसतोय. वर्गात विचारलं तर "व्हॅल्यू सबस्टिट्यूट करा" एवढंच ऐकायला मिळालं. आर नक्की कुठला घ्यायचा ओ?

निपाणीकर
चौथं बरोबर. लिटर असेल तर ०.०८२१, घनमीटर असेल तर ८.३१४. विषय संपला.

रिटायर्ड_मास्तर
निपाणीकर, संपला नाही. चौथं उत्तर जवळ आलंय ते नशिबानं. ०.०८२१ ला लिटरसोबत दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये लागतो, आणि पोरानं घातलाय किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तो ०.९६८ अ‍ॅटमॉस्फिअर असतो, म्हणून चूक झाकली गेली. गेज पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) असता तर उत्तर चौदापटीहून जास्त आलं असतं.

बाळा, आर दोन नाहीत, एकच आहे. माप बदललं की आकडा बदलतो. भात पायलीनं मोज नाहीतर किलोनं, पण पायलीचा दर किलोला लावलास तर बाजारात भांडणच होणार. तू तेच केलंयस.

माझी सवय सांगतो : सगळं पास्कल, घनमीटर, केल्विनमध्ये आणायचं, मग ८.३१४ डोळे झाकून घालायचा. १५० ला ९८,०६६.५ नं गुण, १.४७ कोटी पास्कल. ४६.७ लिटर म्हणजे ०.०४६७ घनमीटर. २७ म्हणजे ३०० केल्विन. सेल्सिअस तर कधीच चालत नाही, कारण त्याचं शून्य बर्फाचं, गॅसचं नव्हे. शून्य अंशाला गणित केलंस तर शून्यानं भागशील.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. हवेचा दाब त्यात मिळवावा लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, म्हणून आपल्याकडे तो १०१ नव्हे, ९२-९३ किलोपास्कल. बेरीज १.४८ कोटी पास्कल. मोल येतात २७७, एका मोल ऑक्सिजनचं वजन ३२ ग्रॅम, त्यानं गुणलं की ८.८७ किलो.

फर्स्टपीयूवाला
सर, आलं! पण हवेचे ९३ मिळवून फरक किती पडला, एक टक्का पण नाही. सोडून दिलं तर चालतंय की?

रिटायर्ड_मास्तर
१५० ला चालतंय. सिलिंडर संपत आला, काटा २ वर आला, की बघ. तिथं हवा विसरलास तर एक तृतीयांश गॅस हिशोबातून गायब. काटा शून्यावर असला तरी आत पन्नासेक ग्रॅम राहतोच.

फर्स्टपीयूवाला
आठवड्यानं परत आलो. मामानं शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर भरलेला सिलिंडर ठेवला होता, आज तोच रिकामा ठेवला. फरक नऊ किलोच्या थोडा वर. काटा अर्ध्या किलोनं हलतोय, पण ८.८७ पेक्षा जास्तच वाटलं. माझं चुकलं का?

रिटायर्ड_मास्तर
तुझं नाही. एवढ्या दाबाला रेणू एकमेकांना ओढतात, ऑक्सिजन आदर्श वायूसारखा, म्हणजे सूत्र धरतं तसा, वागत नाही. सूत्र पाचेक टक्के कमी सांगतं. मामाला सांग, पोरगा बरोबर आहे.

फर्स्टपीयूवाला
सांगितलं. आता म्हणतोय, बाजूच्या अ‍ॅसिटिलीनचं पण काढ.

फॅब्रिकेशनवाला
ते काढू नको रे. डीए (विरघळवलेल्या अ‍ॅसिटिलीनच्या) सिलिंडरात सच्छिद्र भराव असतो, त्यात अ‍ॅसिटोन, आणि गॅस त्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळलेला. तिथं पीव्ही = एनआरटी चालतच नाही. आम्ही पण ते वजनावरच घेतो.